पूर्ण सदस्य न होता युरोपीय संघाशी जोडलेले देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्यातीच्या कागदपत्रांचं काम आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा वर्ग, या दोन्हीकडून मला युरोपबद्दलचे तेच तेच प्रश्न येतात. नाशिक-सांगलीकडचे निर्यातदार विचारतात, मुलं तिकडे शिकायला गेलेले पालक विचारतात, गोव्यातली कुटुंबं विचारतात. सगळ्यांचा गुंता एकाच जागी असतो: संघात नसलेला देश संघासारखा का वागतो? म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नॉर्वे युरोपीय संघात आहे की नाही? एका पुस्तकावरून आहे असं वाटतं, दुसऱ्यावरून नाही.

नाही, आणि कधीच नव्हता. गोंधळ होतो कारण आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली धरतो. पहिली एकल बाजारपेठ, म्हणजे वस्तू, सेवा, भांडवल आणि माणसं यांची मोकळी ये-जा. दुसरी सीमाशुल्क संघ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा एकच कर आणि आतल्या सीमेवर कर नाही. तिसरी शेंगेन, म्हणजे आतल्या सीमांवर पासपोर्टची नेहमीची तपासणी नाही. चौथी युरो हे चलन. नॉर्वे पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत आहे, दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीत नाही. या चार गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढची बहुतेक उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

२. मग पूर्ण सदस्याला जास्तीचं असं काय मिळतं?

मत. बाकी जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या कराराने बाहेरच्याला मिळू शकतं, मत मिळत नाही. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या मध्यम शहराएवढा हा देश, पण युरोपीय संसदेत त्याचे ६ खासदार आहेत, आयोगात एक आयुक्त आहे, न्यायालयात न्यायाधीश आहे आणि मंत्रिपरिषदेत खुर्ची आहे. नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाख, तेल आणि वायूचा मोठा पुरवठादार, पण यातलं एकही पद त्याच्याकडे नाही. माझं स्पष्ट मत आहे की ‘सदस्यत्वाचा पर्याय’ या विषयात हाच मुद्दा मधोमध ठेवायला हवा. कर किती वाचला, व्यापार किती वाढला हे हिशेब महत्त्वाचे आहेतच, पण आपल्यावर लागू होणारा कायदा ठरताना आपला माणूस खोलीत असणं ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे.

३. पर्याय एकूण किती आहेत?

तयार यादी नाही. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांनी डिसेंबर २०१७ मध्ये एक चित्र मांडलं होतं, जिन्याचं. सगळ्यात वर सदस्यत्व. तिथून एकेक पायरी उतरत नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन, मग स्वित्झर्लंड, मग युक्रेन, मग तुर्कस्तान, त्याखाली कॅनडा आणि दक्षिण कोरियासारखा साधा मुक्त व्यापार करार आणि तळाशी कोणताच करार नाही. प्रत्येक पायरीपाशी ब्रिटनची एकेक अट लिहिली होती, जिच्यामुळे ती पायरी त्याला चालणार नव्हती.

चित्र समजायला सोपं आहे, पण एक सावधगिरी बाळगा. ते देश त्या पायऱ्यांवर निवडून उभे राहिलेले नाहीत. कुणी मासेमारीसाठी, कुणी एका सार्वमतातल्या थोडक्या मतांमुळे, तर कुणी पुढे प्रवेश मिळेल या आशेने तिथे पोचला.

४. एफ्टा आणि ईईए एकच का?

नाही. एफ्टा ही मुक्त व्यापार संघटना १९६० मध्ये सात देशांनी काढली: ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल. राजकीय एकत्रीकरण नको, व्यापार हवा, असं म्हणणाऱ्यांचा तो गट होता. आज त्यात चारच उरले आहेत: नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन, स्वित्झर्लंड. बाकीचे संघात गेले, आणि ब्रिटन जाऊन परतही आला, पण एफ्टात आला नाही.

ईईए, म्हणजे युरोपीय आर्थिक क्षेत्र, हा करार आहे. त्यावर मे १९९२ मध्ये पोर्तो इथे सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला. एका बाजूला संघाचे सगळे देश, दुसऱ्या बाजूला एफ्टातले तीन. चौथा स्वित्झर्लंड त्यात नाही (प्र. १०). शेती, मासेमारी, परराष्ट्र व्यापार धोरण आणि युरो या गोष्टी कराराबाहेर आहेत.

५. नॉर्वेच्या लोकांनी दोनदा नकार का दिला?

१९७२ मध्ये ५३.५ टक्के आणि २८ नोव्हेंबर १९९४ ला ५२.२ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. दोन्ही वेळा सरकारने बोलणी पूर्ण केली होती, करार हातात होता. १९९४ चा नकाशा पाहिला तर कारण दिसतं. ओस्लोत सुमारे दोन तृतीयांश मतं ‘हो’ची आणि अगदी उत्तरेच्या फिन्मार्कमध्ये जवळपास तीन चतुर्थांश ‘नाही’ची. समुद्रावर आणि डोंगरातल्या छोट्या शेतीवर जगणाऱ्यांना भीती होती की मासेमारीचे हक्क आणि शेतीचं संरक्षण दूर ब्रसेल्सहून ठरेल. त्याच वर्षी स्वीडन, फिनलंड आणि ऑस्ट्रियाने ‘हो’ म्हटलं आणि १९९५ मध्ये ते संघात गेले. सात देशांना बरोबर घेऊन आखलेल्या ईईए करारातल्या संघाबाहेरच्या बाजूला तेव्हापासून तीनच आहेत.

६. सदस्य नाही तर संघाचे कायदे नॉर्वेला पाळावे लागतात ते कसे? आणि ते कोण पाहतं?

संघाने एकल बाजारपेठेसंबंधी नवा कायदा केला की तो ईईएच्या संयुक्त समितीसमोर येतो, करारात जोडला जातो आणि मग नॉर्वे तो आपल्या कायद्यात आणतो. २०१२ मध्ये नॉर्वे सरकारने नेमलेल्या समितीने मोठा अहवाल दिला. सदस्य देशांना लागू असलेल्या कायद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नॉर्वेने स्वीकारलेत, असं त्यात म्हटलं होतं. मसुदा तयार होताना नॉर्वेचे तज्ज्ञ समित्यांत बसतात, बोलतात, मतदानाच्या वेळी मात्र ते तिथे नसतात. नॉर्वेतच याला ‘फॅक्स-लोकशाही’ म्हणायचे: कायदा ब्रसेल्सहून फॅक्सने येतो आणि आपण तो फाइलला लावतो. फॅक्स यंत्रं गेली, शब्द राहिला.

देखरेखीसाठी एफ्टाची स्वतंत्र यंत्रणा आहे. ब्रसेल्समध्ये निरीक्षण प्राधिकरण, लक्झेंबर्गमध्ये एफ्टा न्यायालय. दोन्हीकडे तिन्ही देशांचा एकेक माणूस.

७. मग नकाराधिकार अजिबातच नाही?

कागदावर आहे. करारातल्या १०२व्या कलमाच्या आधारे एखादा देश नवा नियम घेणार नाही असं म्हणू शकतो. पण मग करारातला त्या विषयाचा भाग तात्पुरता थांबवण्याचा हक्क संघाला मिळतो. २०११ मध्ये नॉर्वेच्या मजूर पक्षाच्या अधिवेशनाने टपालसेवा स्पर्धेला खुल्या करणारा संघाचा निर्देश घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि सरकारने तसं कळवलंही. गावोगावचा पोस्टमन टिकावा ही त्यामागची कळकळ होती. २०१३ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने तो विरोध मागे घेतला. हा हक्क शेवटापर्यंत नेल्याचं उदाहरण अजून नाही.

८. नॉर्वे संघाला पैसे देतो का?

देतो. सदस्यांसारखी थेट वर्गणी नाही, पण तिन्ही देश मिळून संघातल्या तुलनेने गरीब सदस्य देशांना विकासनिधी देतात. २०२१ ते २०२८ या काळासाठी ही रक्कम सुमारे ३.३ अब्ज युरो आहे आणि त्यातला बहुतांश वाटा एकट्या नॉर्वेचा आहे. शिवाय संशोधन किंवा विद्यार्थी-देवाणघेवाण अशा ज्या कार्यक्रमांत भाग घ्यायचा, त्यांचे पैसे वेगळे.

९. एकल बाजारपेठेत आहे, तर नॉर्वे-स्वीडन सीमेवर कस्टम्स का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि धंद्याच्या दृष्टीने सर्वांत कामाचा आहे.

एकल बाजारपेठ वस्तूंचे *नियम* एक करते. सीमाशुल्क संघ वस्तूंवरचा बाहेरचा *कर* एक करतो. नॉर्वे दुसऱ्यात नाही. म्हणून स्विनेसुंदच्या पुलाशी स्वीडनमधून येणाऱ्या ट्रकला आजही माल घोषित करावा लागतो, आणि शनिवार-रविवारी नॉर्वेची कुटुंबं त्याच पुलावरून स्वीडनमध्ये स्वस्त मांस आणि चीज आणायला जातात. शेती कराराबाहेर असल्याने नॉर्वे आपल्या शेतकऱ्यासाठी मोठे कर लावू शकतो. २०१३ मध्ये त्याने काही प्रकारच्या कडक चीजवर २७७ टक्के शुल्क लावलं होतं.

उलट दिशेलाही हेच. मासे कराराबाहेर आहेत, त्यामुळे नॉर्वेचा अख्खा ताजा साल्मन संघात २ टक्के शुल्काने जातो, तर धुरावलेला साल्मन १३ टक्क्यांनी. एवढ्याशा फरकामुळे मासा नॉर्वेत वाढवायचा आणि धुरावायचा पोलंड-डेन्मार्कमध्ये, असा मोठा उद्योग उभा राहिला. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या गावाला जो रोजगार मिळायचा, तो त्या ११ टक्क्यांमागे गेला.

आता आपल्याकडचं उदाहरण. रत्नागिरीचा आंबा पल्प रॉटरडॅमला उतरवला, तिथे संघाचं शुल्क भरून सोडवून घेतला आणि नंतर ओस्लोच्या गिऱ्हाइकाला पाठवला, तर नॉर्वेत त्याची पुन्हा स्वतंत्र आकारणी होते. तो माल मूळचा भारताचा आहे, आणि ईईएचा करमुक्त प्रवास मूळच्या ईईए मालालाच आहे. ओस्लोचं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असेल तर माल रॉटरडॅमला सोडवू नका. सीलबंद ट्रान्झिटमध्ये टी-१ या कस्टम्सच्या कागदावर पुढे न्या, म्हणजे संघाचं शुल्क भरावं लागत नाही. मी हे इतक्या कळकळीने सांगतो, कारण एका ओळखीच्या निर्यातदाराचे दोन कंटेनर याच गैरसमजापायी दोन्हीकडे शुल्क भरून गेले. ‘युरोपात एकदा भरलं की झालं’ असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या हंगामाचा नफा त्यात गेला.

तुर्कस्तानला हाच नियम लावू नका, तिथे उत्तर वेगळं येतं (प्र. १४).

१०. स्वित्झर्लंडची वाट वेगळी का?

कारण ६ डिसेंबर १९९२ च्या सार्वमतात ईईएला ५०.३ टक्के विरोध झाला. सरकारने त्याच वर्षी संघाकडे सदस्यत्वाचा अर्जही केला होता. तो तसाच पडून राहिला आणि २०१६ मध्ये रीतसर मागे घेतला गेला. दरवाजा बंद झाल्यावर स्वित्झर्लंडने एकेक खिडकी उघडली. १९७२ चा मुक्त व्यापार करार होताच. १९९९ मध्ये सात करारांचा पहिला संच झाला: माणसांची ये-जा, तांत्रिक अडथळे, सरकारी खरेदी, शेतमाल, रस्ते-रेल्वे, विमानवाहतूक आणि संशोधन. मे २००० मध्ये लोकांनी तो ६७.२ टक्क्यांनी मंजूर केला. २००४ मध्ये दुसरा संच झाला, त्यात शेंगेन आलं. आज लहानमोठे मिळून शंभराहून जास्त करार आहेत.

संघाला ही रचना फारशी आवडत नाही. करार जिथल्या तिथे थांबतात, कायदा मात्र पुढे जातो. दुरुस्ती करायची तर पुन्हा बोलणी, आणि वाद झाला तर निवाडा करणारं कुणी नाही. त्यासाठीचा एक चौकट करार सात वर्षं घासाघीस करून २०२१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडने सोडून दिला. फटका लगेच बसला: वैद्यकीय उपकरणांच्या प्रमाणपत्रांची परस्पर मान्यता नूतनीकरणाविना संपली आणि तिथल्या कंपन्यांना संघात नवे प्रतिनिधी नेमून, लेबलं बदलून माल पाठवावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या संचाची बोलणी पूर्ण झाली. त्यात नियम वेळोवेळी जुळवून घेणं, लवादाची सोय आणि २०३० पासून वर्षाला ३५ कोटी फ्रँक देणं आहे.

११. ‘गिलोटिन कलम’ म्हणजे काय?

स्वित्झर्लंडच्या पहिल्या संचातले (प्र. १०) सात करार एकमेकांना बांधलेले आहेत. एक मोडला की सातही पडतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये ५०.३ टक्के स्विस मतदारांनी स्थलांतरावर कोटा आणायला कौल दिला, तेव्हा हे कलम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. क्रोएशियाच्या नागरिकांना ये-जा खुली करण्यावर सही अडली आणि स्विस विद्यापीठं संघाच्या संशोधन आणि विद्यार्थी कार्यक्रमांतून बाजूला पडली. शेवटी संसदेने कोट्याऐवजी स्थानिक बेरोजगारांना आधी संधी देणारा सौम्य कायदा केला. २०२० मध्ये ये-जा करारच संपवण्याचा प्रस्ताव ६१.७ टक्क्यांनी फेटाळला गेला. सहा वर्षांत लोकांनी किंमत पाहिली होती.

१२. स्वित्झर्लंड संघात नाही, मग आमच्या सहलीला शेंगेन व्हिसा कसा चालतो?

शेंगेन ही संघापेक्षा वेगळी व्यवस्था आहे. त्यात आज २९ देश आहेत. संघाबाहेरचे चार, म्हणजे एफ्टाचे चारही. उलट आयर्लंड आणि सायप्रस संघात असून शेंगेनमध्ये नाहीत. पॅरिस, इंटरलाकेन आणि रोम एकाच व्हिसावर होतात, डब्लिन होत नाही. अर्ज कुठे करायचा हे मुक्कामाचे सर्वाधिक दिवस कोणत्या देशात यावर ठरतं, तो देश संघात आहे की नाही यावर नाही.

१३. लिश्टेनश्टाइन ईईएत आहे, तर कुणीही जाऊन राहू शकतं का?

नाही, हा ठळक अपवाद आहे. देश सुमारे ४० हजार लोकांचा. सगळ्यांना दार उघडलं तर तो भरून जाईल, हे संघानेही मान्य केलं. म्हणून ईईए नागरिकांनाही वर्षाला मोजकेच राहण्याचे परवाने मिळतात आणि त्यातले किमान निम्मे सोडत काढून दिले जातात. म्हाडाच्या घराची सोडत पाहिलेल्या माणसाला ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काम करायला मात्र रोज शेजारच्या ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमधून हजारो लोक ये-जा करतात.

१४. तुर्कस्तान सीमाशुल्क संघात आहे म्हणजे नक्की कशात आहे?

१९६३ च्या अंकारा कराराने सुरुवात झाली आणि १९९५ च्या शेवटी सीमाशुल्क संघ लागू झाला. त्यात औद्योगिक माल आणि प्रक्रिया केलेला शेतमाल आहे. कच्चा शेतमाल, सेवा, सरकारी खरेदी आणि माणसांची ये-जा नाही.

प्र. ९ मधला फरक इथे उलटा होतो. चाकणचा एखादा यंत्राचा भाग हॅम्बुर्गला शुल्क भरून सोडवला, की तो ए.टी.आर. प्रमाणपत्रावर तुर्कस्तानात जाऊ शकतो, मूळ भारताचं असलं तरी. इथे प्रश्न मूळ कुठलं हा नसून शुल्क भरलं का हा असतो. तरी गिऱ्हाइकाकडून खात्री करून घ्या, कारण तुर्कस्तानने संघाबाहेरच्या मूळ मालावर काही बाबतींत ज्यादा शुल्क बसवलं आहे आणि तिथे मूळ देशाचा दाखला मागतात.

आता या व्यवस्थेतला अन्याय. मी हा शब्द विचार करून वापरतो. बाहेरच्या देशांसाठीचा कर संघ ठरवतो, तुर्कस्तान तो पाळतो. संघाने दक्षिण कोरियाशी मुक्त व्यापार करार केला की कोरियाचा माल संघातून तुर्कस्तानात बिनशुल्क येऊ शकतो, पण तुर्कस्तानच्या मालाला कोरियात तो हक्क आपोआप मिळत नाही. त्याला स्वतंत्र करारासाठी त्या देशाच्या मागे लागावं लागतं, आणि समोरच्याला घाई नसते. कोरियाशी तुर्कस्तानचा असा करार २०१३ मध्ये लागू झाला. संघ ज्या ज्या देशाशी करार करेल, भारताशीही, तिथे हाच पेच आहे. बोलणी करताना तुर्कस्तान टेबलावर नसतो.

आणि माल मोकळा असला तरी ट्रक मोकळा नाही. बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुले नाक्याशी ट्रकांची कित्येक किलोमीटर रांग लागते, कारण वाहतुकीचे परवाने कोट्याने मिळतात आणि चालकाला व्हिसा लागतो. कर शून्य असलेला माल त्या रांगेत उभा असतो.

तुर्कस्तानने १९८७ मध्ये पूर्ण सदस्यत्वासाठी अर्ज केला, २००५ मध्ये बोलणी सुरू झाली आणि २०१८ पासून ती ठप्प आहेत. मधल्या काळात जर्मनीतल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने ‘विशेष भागीदारी’ सुचवली होती. तुर्कस्तानने ती नाकारली, कारण त्याच्या दृष्टीने सीमाशुल्क संघ ही वाट होती, मुक्काम नव्हता.

१५. ब्रिटनने नॉर्वेसारखं का केलं नाही?

जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरलं, पण बाहेर पडून कुठे जायचं हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी एकल बाजारपेठेत राहणार नाही आणि संघाच्या न्यायालयाचा अधिकार मानणार नाही असं सांगितलं. माणसांची मोकळी ये-जा थांबवायची होती, दुसऱ्या देशांशी स्वतःचे व्यापार करार करायचे होते. पहिल्या अटीने नॉर्वे आणि स्वित्झर्लंड गेले, दुसरीने तुर्कस्तान. उरला साधा व्यापार करार, आणि तोच १ जानेवारी २०२१ पासून आला: मूळ ब्रिटिश मालावर शुल्क नाही, कोटा नाही, पण कागद आहेत, आरोग्य तपासण्या आहेत, आणि सेवाक्षेत्राला फार थोडं आहे.

फायदा झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. भारताशी २४ जुलै २०२५ ला झालेला करार ब्रिटनला सीमाशुल्क संघात राहून करता आला नसता. पण जवळच्या बाजाराचा विचारही सुटलेला नाही. संशोधन कार्यक्रमात ब्रिटन २०२४ मध्ये परत गेला, आणि मे २०२५ च्या लंडन बैठकीत संघाच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा दिली गेली.

१६. उत्तर आयर्लंड नक्की कुठे आहे?

ब्रिटनमध्येच, पण मालापुरतं संघाच्या एकल बाजारपेठेत. आयर्लंड बेटावर पुन्हा सीमा-चौक्या नकोत म्हणून ही सोय झाली, आणि त्या चौक्यांशी जोडलेल्या रक्तपाताची आठवण ताजी असताना ती करावीच लागली. ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर चौकटीनुसार ब्रिटनच्या मुख्य बेटावरून येऊन तिथेच राहणारा माल हिरव्या मार्गाने आणि पुढे आयर्लंडला जाऊ शकणारा लाल मार्गाने जातो. तिथे जन्मलेल्या बहुतेकांना आयरिश नागरिकत्व घेता येतं. म्हणजे संघाचे नागरिक, पण संघाच्या संसदेत खासदार निवडून द्यायची सोय नाही. प्र. २ मधला मुद्दा एका अख्ख्या प्रांताला लागू झालेला इथे दिसतो.

१७. युक्रेन, मोल्दोवा, जॉर्जिया यांचा ‘सहयोग करार’ हा पर्याय आहे की प्रतीक्षागृह?

दोन्ही होता. संघाने तो शेजाऱ्यांसाठी आखला, प्रवेशाचं वचन न देता: बराचसा बाजार खुला, त्या बदल्यात बरेचसे नियम स्वीकारायचे. युक्रेनमध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनी सही टाळली आणि कीवच्या चौकात लोक उतरले. एका व्यापार कराराच्या सहीसाठी माणसं थंडीत महिनोन्महिने उभी राहिली आणि त्यात जीवही गेले. अशा लोकांना ‘हा फक्त व्यापार करार आहे’ असं सांगता येत नाही. रशियाच्या आक्रमणानंतर जून २०२२ मध्ये युक्रेन आणि मोल्दोवा उमेदवार झाले, डिसेंबर २०२३ मध्ये जॉर्जिया.

बाल्कनमधल्या देशांना वचन मिळालेलं आहे, पण दार लांबच राहतं. उत्तर मॅसिडोनिया २००५ पासून उमेदवार आहे. ग्रीसचा आक्षेप मिटवण्यासाठी त्याने २०१९ मध्ये देशाचं नावसुद्धा बदललं.

१८. २०२२ चा ‘युरोपीय राजकीय समुदाय’ यातच येतो का?

नाही. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांच्या कल्पनेतून ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राग इथे ४४ नेत्यांची पहिली बैठक झाली. ते भेटीचं व्यासपीठ आहे. कायदे, निधी, बाजार यांपैकी त्यात काही नाही.

१९. सदस्य नसताना युरो वापरता येतो?

येतो. अंडोरा, मोनॅको, सान मारिनो आणि व्हॅटिकन संघाशी करार करून वापरतात, स्वतःची नाणीही पाडतात. माँटेनेग्रो आणि कोसोवो करार न करता वापरतात. आधी तिथे जर्मन मार्क चालत होता, तो गेल्यावर युरो आला.

२०. सदस्य देशाचा एखादा भागच बाहेर असू शकतो?

असू शकतो. ग्रीनलँड डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये आत गेलं, १९८२ च्या सार्वमतानंतर १ फेब्रुवारी १९८५ ला बाहेर पडलं. कारण पुन्हा मासे. फेरो बेटं आत गेलीच नाहीत. ग्रीनलँडचे लोक डॅनिश नागरिक असल्याने संघाचे नागरिक मात्र आहेत.

२१. गोव्यातून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांना नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्ये काय हक्क?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालकडे नोंदणी करता येत आली आहे. ती झाली की माणूस संघाचा नागरिक होतो, आणि भारतीय नागरिकत्व संपतं. हा निर्णय घरात बसून, सगळ्यांशी बोलून घ्या.

पोर्तुगीज पासपोर्टवर नॉर्वे आणि आइसलँडमध्ये ईईएमुळे, स्वित्झर्लंडमध्ये १९९९ च्या करारामुळे नोकरी करता येते. लिश्टेनश्टाइनसाठी प्र. १३. ब्रिटनमध्ये हा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्याआधी स्विंडन-साउथॉलमध्ये स्थिरावलेल्यांना वेगळ्या योजनेतून राहण्याचा दर्जा मिळाला, नंतर जाणाऱ्याला इतर परदेशी माणसासारखाच व्हिसा लागतो. आयर्लंड मात्र संघात आहे, तिथे पासपोर्ट पूर्वीसारखाच चालतो.

२२. मुलीचा नवरा जर्मन आहे, दोघं ओस्लोत राहणार. मैत्रिणीच्या मुलीचा नवरा नॉर्वेचाच आहे. दोघींना नियम वेगळे का सांगतात?

कारण मोकळ्या ये-जाचा हक्क देश ओलांडणाऱ्याला मिळतो. जर्मन माणूस नॉर्वेत गेला, म्हणून त्याच्या भारतीय पत्नीला ईईएच्या सोप्या नियमाने राहता येतं. नॉर्वेचा माणूस आपल्याच देशात आहे, म्हणून त्याच्या पत्नीला नॉर्वेचा देशी कायदा लागतो, आणि तो उत्पन्नाच्या अटींसकट कडक आहे. लग्नाची कागदपत्रं सारखी, पायवाट वेगळी. आणि आयटीतल्या मुलांसाठी: संघाचं ‘ब्लू कार्ड’, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंडमध्ये नाही. संघातल्या डेन्मार्क आणि आयर्लंडमध्येही नाही.

२३. भारताचा एफ्टाशी करार झाला आहे. तो संघाला लागू होतो का?

नाही. ‘टेपा’ या भारत-एफ्टा करारावर १० मार्च २०२४ ला सह्या झाल्या, १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. एफ्टाचे चार देश संघाच्या सीमाशुल्क संघात नाहीत, म्हणूनच ते असा करार करू शकले. त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे. जर्मनीला जाणाऱ्या द्राक्षांना त्याचा उपयोग नाही. नॉर्वेला जाणाऱ्या मालासाठी सवलत मागायची असेल तर दाखला टेपाचा घ्या, आणि माल वाटेत कस्टम्सच्या देखरेखीबाहेर जाऊ देऊ नका (प्र. ९).

२४. ईईएतून बाहेर पडता येतं का? आणि आइसलँड संघात गेला तर बाकीच्यांचं काय?

बाहेर पडायला बारा महिन्यांची लेखी सूचना पुरते, तेवढंच १२७व्या कलमात आहे. आइसलँडने बँका बुडाल्यावर २००९ मध्ये संघाकडे अर्ज केला, २०१३ मध्ये बोलणी थांबवली. २०२४ च्या अखेरीस आलेल्या सरकारने, बोलणी पुन्हा सुरू करावीत का यावर २०२७ पर्यंत सार्वमत घ्यायचं वचन दिलं. आइसलँड खरंच आत गेला तर ईईएच्या एफ्टा बाजूला नॉर्वे आणि ४० हजारांचं लिश्टेनश्टाइन एवढेच राहतील. तीन न्यायाधीशांचं न्यायालय आणि तीन सदस्यांचं प्राधिकरण दोघांत कसं चालवायचं, हा प्रश्न तेव्हा ओस्लोला सोडवावा लागेल, आणि त्याचं उत्तर करारात कुठेही लिहिलेलं नाही.